बदलीचा तास

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात विज्ञान प्रदर्शनांचा विषय आला. आपल्या शाळेत मी सव्वीस वर्षे गणित व विज्ञान शिकवले. दहावीच्या निकालांचे फलक, शिष्यवृत्तीधारकांची नावे, प्रयोगशाळेची उभारणी हे सारे लिहिण्याजोगे आहेच. पण ते माझे सहकारी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी लिहिणार आहे ते अशा विषयाबद्दल, जो मला येत नव्हता, ज्याची पदवी माझ्यापाशी नव्हती आणि जो शिकवण्याची पाळी आली तेव्हा मला, खरे सांगायचे तर, थोडा कमीपणा वाटला होता.

२०१५ च्या दिवाळीच्या सुटीनंतर गृहशास्त्राच्या मॅडम प्रसूती रजेवर गेल्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातून गृहविज्ञान शिकून आलेल्या त्या एकट्याच आमच्याकडे होत्या. लातूर–नांदेड रस्त्यालगतच्या आमच्यासारख्या निवासी शाळेला पाच-सहा महिन्यांसाठी त्या विषयाचे कोण मिळणार? मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे सरकवले आणि म्हणाले, "सर, नववीच्या या दोन तासिका तुम्ही सांभाळा. विशेष काही नाही. पुस्तकातून वाचून घ्या, वह्या तपासा." मी लगेच विचारले, "त्या वेळेत भूमितीचा जादा तास घेतला तर चालेल ना?" ते हसले. नाही म्हणाले नाहीत. आम्हा दोघांच्याही मनात त्या विषयाची किंमत काय होती, हे त्या हसण्यात आले.

एरवी या तासिकेला मुली वर्गात आणि मुले मैदानावर अशी रीत होती. परंतु क्रीडाशिक्षक प्रशिक्षणाला गेले होते. त्यामुळे तेवीस मुली आणि अठरा मुले असा पुरा वर्ग माझ्यापुढे बसला. मुलांना तो अपमान वाटला असावा. मागच्या बाकावरून कोणी तरी "सर, आता भांडी घासायची का?" असे पुटपुटले आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पहिल्या तासाला फळ्यावर अन्नाचे पाच गट लिहिले: तृणधान्ये, डाळी, दूध-अंडी-मांस, भाज्या-फळे, स्निग्ध पदार्थ व साखर. मग दिवसभराचा आहार लिहिण्याचा स्वाध्याय दिला. वसतिगृहात सर्वांचे ताट सारखेच, म्हणून मी सांगितले, "दिवाळीच्या सुटीत घरी असताना कोणत्याही एका दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले ते लिहा, आणि समोर गटाचा क्रमांक टाका." सोपे काम होते. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला.

मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवली होती, आणि तेही सलग दुसऱ्या वर्षी. मांजरा धरणाचा तळ दिसत होता, खरीप हातचा गेला होता, दावणीची जनावरे बाजारात गेली होती. वह्यांमध्ये मात्र दुधाचे पाट वाहत होते. सकाळी दूध, रात्री दूध, दुपारी वरण-भात, पोळी, तूप, हिरवी भाजी, कोशिंबीर, संध्याकाळी सफरचंद. एकाने पनीर लिहिले होते. चाळीस घरांत एकाच दिवशी एकच स्वयंपाक झाला होता, आणि तो पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यातून उतरला होता. मी विज्ञानाचा शिक्षक. सर्व निरीक्षणे तंतोतंत सारखी आली, तर प्रयोग झालाच नाही असे समजावे, हे मीच मुलांना शिकवतो. तरीही त्या दिवशी एकेका पानावर बरोबरची खूण करत गेलो आणि खाली "छान" लिहीत गेलो.

एकेचाळिसावी वही कोरी होती. वर तारीख, खाली समासाची रेघ आणि पुढे काही नाही.

त्या मुलीचे नाव येथे लिहीत नाही. ती आज एका तालुक्याच्या गावी परिचारिका आहे आणि हा अंक तिच्या हाती पडेल. मी तिला उभे केले. "घरी काही खाल्लेच नाही का?" असे विचारले. वर्ग हसला. ती खाली पाहत राहिली. मी लाल शाईने "अपूर्ण" असे लिहून वही परत दिली. पुढचा तास होईतो ती उभीच होती. बस म्हणायचे मी विसरलो होतो.

संध्याकाळी भोजनगृहात स्वयंपाकाच्या मावशींनी मला गाठले. आमटीचा डाव हातात तसाच होता.

"सर, त्या लेकराला कामून उभं केलं तुमी? तिचे मायबाप फडावर हायेत. दिवाळीला बी ती तिकडंच गेलती. घराला कुलूप हाय."

मी काही बोललो नाही. मावशी दोन पावले गेल्या आणि परत वळल्या.

"अन् बाकीच्यांनी लिवलं, ते खरं वाटलं व्हय तुमाला?"

त्या रात्री झोप आली नाही, असे लिहिण्याची पद्धत आहे. मला झोप आली. पण पहाटे जाग आली ती बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका कापडी पिशवीच्या आठवणीने.

१९८३ साली मी नांदेडला एका वसतिगृहात राहून आठवीत शिकत होतो. आमचे गाव कंधार तालुक्यात. गावचा एक माणूस नांदेडला कामासाठी आला, तेव्हा आईने त्याच्याबरोबर हुलग्याचे पीठ पाठवले होते. हुलगे भाजून, जात्यावर भरडून, चाळून केलेले माडग्याचे पीठ. थंडीचे दिवस होते आणि मला खोकला व्हायचा, हे तिच्या ध्यानात होते. खोलीतल्या मुलांनी विचारले, "काय आहे रे?" हुलगा म्हणजे जनावरांचे खाद्य, हे त्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना चांगले ठाऊक होते. मी सांगितले, "औषध आहे." रात्री ती पिशवी वसतिगृहाच्या मागे बाभळीखाली रिकामी केली. उन्हाळ्यात घरी गेल्यावर आईने विचारले, "माडगं करून प्यालास का रं?" मी हो म्हणालो. कुठे केलेस, चूल कोणाची, असे तिने काही विचारले नाही. २००९ मध्ये ती गेली. त्या पिठासाठी हुलगे तिने कोणाकडून आणले असतील, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांनी जे केले, ते मी त्यांच्याआधी करून बसलो होतो.

आपल्या शाळेत वर्षावासाच्या काळात आळवीच्या शेतकऱ्याची कथा सांगितली जाते. हरवलेला बैल शोधून तो गरीब शेतकरी उपाशीपोटी सभेत पोहोचला, तेव्हा तथागतांनी उपदेश थांबवून ठेवला होता. त्याला आधी जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. ही कथा मी स्वतः परिपाठात अनेकदा सांगितली आहे. पण आज काय खाल्लेस ते लिहून दाखव, असे त्या शेतकऱ्याला कोणी म्हटले नव्हते, ही गोष्ट तोवर माझ्या लक्षात आली नव्हती.

पुढच्या तासाला मी पुस्तक उघडलेच नाही. त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली, आणि पिठाची गोष्ट आहे तशी सांगितली, बाभळीसकट. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खिडकीजवळच्या एका मुलाने हळूच म्हटले, "सर, आमच्यात बी माडगं करतेत." कोणी म्हणाले, "आमची आजी शेंगोळे करते." मग थांबेनात. येसराची आमटी, अंबाडीची भाजी, तांदूळजा, पाथरी, घोळ, तरवट्याचा कोवळा पाला, कारळाची चटणी, जवसाची चटणी, कण्या, आंबील. आणि खूप वेळाने, दुसऱ्या बाकावरून: "कोरडी भाकर अन् मिरची. लई दिस तेच."

मी सर्व फळ्यावर लिहीत गेलो. फळा पुरला नाही.

यानंतर जे शिकवायचे होते, ते मला येत नव्हते; म्हणून शिकावे लागले. मॅडमच्या कपाटातली पुस्तके आणि राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे तक्ते काढले. त्या तक्त्यांत हुलगा शोधताना हात किंचित थरथरला हे कबूल करतो. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि पाव ग्रॅमहून अधिक कॅल्शियम. शंभर ग्रॅम दुधातल्या कॅल्शियमच्या दुप्पट. (कोरड्या कडधान्याची पातळ दुधाशी अशी तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, आणि कडधान्यातले कॅल्शियम शरीरात सहजी शोषलेही जात नाही, हे मी मुलांना सांगितले. जी गोष्ट आपल्याला आवडते, तिच्या बाजूने आकडे वाकवण्याचा मोह विज्ञानाच्या शिक्षकालाही होतो.) ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, म्हणून भाकरी आणि वरण एका ताटात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. पालेभाजीतले लोह लिंबाच्या आंबटपणाने अधिक शोषले जाते आणि जेवणासोबतच्या चहाने कमी होते. या साऱ्याला पनीर लागत नव्हते. मात्र कोरडी भाकर आणि मिरची लिहिणाऱ्याला तुझे जेवण उत्तम आहे असे मी सांगितले नाही. ते खोटे झाले असते. त्या ताटात डाळ का नाही, हा प्रश्न राहतोच. आणि तूर व सोयाबीनची एवढी मोठी उलाढाल होणाऱ्या लातूरच्या परिसरात तो विचारताना शिक्षकालाही उत्तर देता येत नाही.

मॅडमच्याच एका पुस्तकात एलेन स्वॅलो रिचर्ड्स भेटल्या. अमेरिकेतील एमआयटी या नामवंत संस्थेतून १८७३ मध्ये पदवी घेणारी ती पहिली स्त्री. पेशाने रसायनशास्त्रज्ञ, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे नमुने त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. गृहविज्ञान हा विषय उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा. ज्या विषयाला मी भूमितीच्या जादा तासासाठी बाजूला सारणार होतो, तो एका रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात नेला होता. त्यांचीही एक फजिती झाली, आणि ती मला त्यांच्या यशापेक्षा जवळची वाटली. १८९० मध्ये बोस्टनमध्ये त्यांनी गरिबांसाठी एक स्वयंपाकघर काढले. पदार्थ मोजूनमापून, पौष्टिक, स्वस्त. पण ज्या स्थलांतरित कामगारांसाठी ते होते, त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. ती बेचव शिजवणी त्यांची नव्हती. त्यांना त्यांच्या घरचे हवे होते. काय खावे, हे सांगण्याआधी काय खाता हे विचारायला हवे, ही गोष्ट बोस्टनला कळायला जड गेली, तशीच मलाही.

आपल्याकडे ती नोंद घरातूनच झाली. धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्येच प्रकाशित झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची ती नोंद मी दोन वर्षांनी वाचली. ती आधी हाती आली असती तर त्या मुलीला उभे केले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुस्तके वाचूनही माणसे उभी करतात.

हा विषय हलका नाही, हे आपल्या लोकांना तर फार आधीपासून ठाऊक असायला हवे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे, घरात स्वच्छता कशी राखावी, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नये, मुलींना शिकवावे, हे सारे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी हाती घेतलेला तो नेता डिसेंबरात लुगड्याच्या निऱ्यांविषयी बोलत होता. मी ही घटना जयंतीच्या भाषणांत सांगत आलो. ती गृहशास्त्राचा तास आहे असे कधी वाटले नव्हते.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक घेतले. वर्गाने एकमताने माडगे निवडले. तोवर शाळेला टँकरचे पाणी मोजून मिळू लागले होते, म्हणून प्रत्येक गटाला एक बादली दिली आणि त्यातच स्वयंपाक, भांडी व हात हे सारे भागवा असे सांगितले. पहिल्या गटाला केवळ भांड्यांनाच अकरा लीटर लागले. शेवटच्या गटाने राखेने घासून, एकाच टोपात खळबळून चार लीटरमध्ये काम संपवले. शेवटच्या गटात दोन मुली होत्या आणि "भांडी घासायची का" असे विचारणारा तो मुलगा होता. भांड्यांचे काम त्यानेच केले. पण माडगे ढवळायचे काम त्याच्याकडे दिले, ती आमची चूक. पीठ थंड पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावे, आणि सोडल्यावर हात थांबवू नये, लसूण-जिरे नंतर. त्याचा हात थांबला. पातेले बुडाशी असे करपले की सारा वऱ्हांडा त्या वासाने भरला. तरी वरचे वरचे आम्ही सर्वांनी प्यालो. मी दोन वाट्या घेतल्या. त्याची चव कशी होती, ते लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खोडले.

त्याच उन्हाळ्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लीटर. वर्तमानपत्र वर्गात आणून गणित घातले: २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे ३ लाख ८३ हजार, तर माणशी किती? सव्वा लीटरहून थोडे जास्त. उत्तर निघाल्यावर मुले आपापल्या बाटल्यांकडे पाहू लागली. बदलीचा तास आणि माझा स्वतःचा तास यांतला फरक तोवर मला सांगता आला नसता.

आता कोऱ्या वहीविषयी. मी ती पुन्हा मागितली नव्हती. परीक्षेच्या आधी शेवटच्या आठवड्यात तिने आपणहून टेबलावर आणून ठेवली आणि निघून गेली. त्या पानावर माझा लाल "अपूर्ण" तसाच होता. त्याखाली तिने लिहिले होते. दिवाळीत ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडावर आईवडिलांच्या कोपीत होती. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापल्या, किती ते तिने मोजून लिहिले होते: बावीस. सरपणाला पाचट. पाणी कालव्यावरून, दोन खेपा. आईला ताप होता, म्हणून वडिलांबरोबर मोळ्या बांधायला थोरला भाऊ गेला, आणि धाकट्या दोघांना हिने सांभाळले. कोणाला किती भाकरी वाढली तेही लिहिले होते; कालवणाला वांगे एक, बटाटे दोन. तिच्या स्वतःच्या नावापुढे काही नव्हते. खाली एक ओळ होती: "सर, तुम्ही काय खाल्ले ते विचारले होते. मला वाढलेले आठवते, खाल्लेले आठवत नाही."

मी त्या पानावर काही लिहिले नाही. लाल शाईवर कागदाची पट्टी चिकटवावी असे वाटले. तेही केले नाही. गुण भरण्याच्या रकान्यात पैकीच्या पैकी लिहिले, आणि मुख्याध्यापकांनी विचारल्यावर वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात नववीच्या मुलांच्या नावापुढची मैदानाची तासिका स्वतःच्या हाताने खोडली.

जूनमध्ये मॅडम रुजू झाल्या. मी विषयाची कागदपत्रे, तक्ते आणि सामानाची नोंदवही त्यांच्याकडे सोपवली. त्यांनी स्वाध्यायांच्या यादीवर नजर टाकली. पहिल्या स्वाध्यायात मी "काय खाल्ले" याच्या आधी "कोणी शिजवले, कोणी वाढले, शेवटी कोण जेवले" असे तीन प्रश्न घातले होते. ते त्यांनी दोनदा वाचले आणि राहू दिले. मग नोंदवही घेऊन त्या भांड्यांच्या फळीकडे गेल्या.

"सर, हे मोठं पातेलं कोणी करपवलं?"

मी सांगितले. मुलाचे नाव सांगितले नाही, माझेच सांगितले. त्यांनी नोंदवहीत तसे लिहून माझी सही घेतली. पातेले अजून त्या फळीवर आहे. चिंच, राख, तारेचा काथ्या सारे करून झाले, पण बुडाचा काळा डाग पुरता गेलेला नाही. माडगे आता दरवर्षी त्यातच करतात.